हात धुवायला बेसिन कुठे आहे?

जुलै २०२५ मध्ये मुंबईच्या आकाशवाणी आमदार निवासातल्या उपाहारगृहात वरणाला वास येतो म्हणून एका आमदारांनी तिथल्या कर्मचाऱ्याला मारहाण केली. चित्रफीत राज्यभर फिरली. अन्न व औषध प्रशासनाने तपासणी करून केटररचा परवाना निलंबित केला. मारहाणीचा निषेध झाला, समर्थनही झालं. एवढ्या गदारोळात काही साधे प्रश्न मात्र माझ्या कानावर आले नाहीत. ते वरण किती वाजता शिजलं होतं? शिजल्यावर कुठे ठेवलं होतं? तिथला फ्रीज केवढा होता? आणि उरलेलं वरण फेकून द्या, असं सांगायचा अधिकार त्या स्वयंपाकघरात नेमका कुणाला होता? ज्याने मार खाल्ला त्याला तो अधिकार असण्याची शक्यता फार कमी.

हॉटेलातल्या अस्वच्छतेचा विषय निघाला की बोट लगेच कामगाराकडे जातं. हे लोक अडाणी असतात, यांना वळणच नसतं, कितीही शिकवा पालथ्या घड्यावर पाणी, असं सर्रास बोललं जातं. मग उपायही ठरलेला असतो: एक दिवसाचं प्रशिक्षण, भिंतीवर एक तक्ता, डोक्याला टोपी, हाताला मोजे. माझं म्हणणं असं आहे की हॉटेल कामगाराला स्वच्छतेचं जेवढं कळतं, त्याच्या निम्मंही त्याला करता येत नाही. ही तफावत भरून काढणं त्याच्या हातात नाही. ते मालकाच्या, परवाना देणाऱ्या खात्याच्या आणि कामगार कायदा करणाऱ्या सरकारच्या हातात आहे. तिथे काही न करता नुसती शिबिरं भरवली, तर प्रमाणपत्रं वाढतील, जुलाब कमी होणार नाहीत.

या विषयावर जगभर एका ठरावीक साच्याच्या पाहण्या होतात. कामगारांना प्रश्नावली देतात: हात कधी धुवावेत, कच्चं मटण आणि शिजवलेलं अन्न एकत्र ठेवावं का, आजारी असताना काम करावं का. त्यावरून त्यांचं ज्ञान, दृष्टिकोन आणि आचरण मोजतात. ब्रिटनमधल्या कार्डिफ शहरात लहान-मध्यम खाद्य व्यवसायांतल्या १३७ कामगारांची अशी पाहणी झाली आणि २००२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. काय करायला हवं हे बहुतेकांना माहीत होतं. तरीही ६३ टक्के कामगारांनी कबूल केलं की ते दर वेळी तसं करत नाहीत. का, असं विचारल्यावर त्यांनी सांगितलेली कारणं होती वेळ नाही, माणसं कमी आहेत, साधनं नाहीत. कार्डिफच्या जागी कोथरूड किंवा कल्याण घाला, उत्तर बदलणार नाही.

अमेरिकेतल्या संशोधकांनी पुढची पायरी गाठली. त्यांनी विचारण्यापेक्षा पाहायचं ठरवलं. सहा राज्यांतल्या रेस्टॉरंटांत तीनशेहून अधिक कामगारांचं काम उभं राहून पाहिलं. २००६ मध्ये निष्कर्ष आले: जिथे हात धुवायला हवेत अशा दर शंभर प्रसंगांपैकी फक्त २७ प्रसंगी ते नीट धुतले गेले. गर्दी असली की हे प्रमाण आणखी खाली जायचं. पुढच्याच वर्षी त्याच पाहणीतून आणखी एक गोष्ट समोर आली, आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. जिथे हात धुण्याची बेसिन एकाहून जास्त होती आणि कामगाराला आपल्या जागेवरून बेसिन दिसत होतं, तिथे हात जास्त वेळा धुतले जात होते. म्हणजे सवयीचं मूळ माणसाच्या डोक्यात जेवढं, तेवढंच नळ कुठे बसवला आहे यातही असतं.

प्रशिक्षणाच्या निमित्ताने पुण्यातल्या मध्यम हॉटेलांच्या मागच्या बाजूला माझं बरंच जाणं झालं आहे. पुढे चाळीस-पन्नास खुर्च्या, एसी, काचेचं दार. मागे दहा बाय बाराच्या खोलीत सात-आठ माणसं. शेगडीची धग एवढी की उभं राहवत नाही. भिंतीला दोन सिंक. एकात भांडी. दुसरं कागदोपत्री हात धुण्याचं, पण त्यात कोथिंबिरीच्या जुड्या नाहीतर छोले भिजत पडलेले. साबण म्हणजे भांड्यांचं लिक्विड, पाणी घालून पातळ केलेलं, झाकणाला भोक पाडलेल्या बिसलेरीच्या बाटलीत. गिऱ्हाइकांसाठी बाहेर चकचकीत बेसिन आहे, तिथे सुवासिक हँडवॉश आणि कागदी रुमालही आहेत; पण कळकट बनियन घातलेल्या हेल्परने तिकडे फिरकायचं नाही अशी सक्त ताकीद आहे.

आणि संडास? अनेक ठिकाणी तो कामगारांसाठी नसतोच. गल्लीच्या टोकाला महापालिकेचं सार्वजनिक शौचालय असतं, तिथे जायचं. तिथे साबण नसतो, पुष्कळदा नळाला पाणीही नसतं. तिथून परत आलेल्या माणसाला हात धुवायची पहिली जागा म्हणजे तेच कोथिंबिरीचं सिंक. रविवारी रात्री साडेआठला केओटीच्या, म्हणजे ऑर्डरच्या, चिठ्ठ्या तारेला ओळीने लटकलेल्या असतात, कॅप्टन खिडकीतून ओरडत असतो, तव्यावर दोन डोसे पडलेले असतात. अशा वेळी जुड्या बाजूला काढून, वीस सेकंद साबण चोळून, कोरड्या कापडाने हात पुसून तव्याशी परत येणं जमेल तरी कुणाला? मी स्वतः तिथे असतो तर धुतले असते का, याचं उत्तर मला ठामपणे देता येत नाही.

फडक्याबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण हॉटेलातल्या अस्वच्छतेचा निम्मा इतिहास त्या फडक्यात असतो. एकच फडकं. त्याने टेबल पुसायचं, सांडलेलं सांबार टिपायचं, कढईचा कान धरायचा, ताटाची कड स्वच्छ करायची, सुरी पुसायची, हात पुसायचे आणि वेळ आली तर मानेवरचा घामही. दिवसभर ते ओलं आणि कोमट राहतं, त्यात अन्नाचे कण असतात. जंतूंना याहून सोयीची जागा कुणी मुद्दाम करून दिली नसती. रात्री ते नळाखाली खंगाळून पाइपावर वाळत टाकतात आणि सकाळी पुन्हा खांद्यावर. एका पोऱ्याला मी विचारलं होतं की दुसरं फडकं का घेत नाहीस. तो म्हणाला, "शेठ आठवड्याला दोनच देतात, दुसरं चहावाल्याकडे आहे." हा मुलगा अज्ञानी नव्हता. फडकं घाण आहे हे त्याला त्याच्या मालकापेक्षा नीट माहीत होतं. वास त्याच्या खांद्यालाच येत होता. टेबलाला एका रंगाचं, कट्ट्याला दुसऱ्या रंगाचं, हाताला तिसरं, अशी वीस-पंचवीस फडकी आणि रात्री ती साबणाच्या पाण्यात उकळून काढायला एक पातेलं, एवढाच या दुखण्याचा इलाज आहे. त्यासाठी शिबिर लागत नाही.

तरीही ज्ञानाचा प्रश्न अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. तो आहे, पण शिबिरांत ज्यावर भर देतात तिथे नाही. नखं कापा, केस झाका, हे सगळ्यांना ठाऊक असतं. खरी गफलत होते ती डोळ्यांना आणि नाकाला न कळणाऱ्या गोष्टींत.

भाताचंच घ्या. चायनीजच्या गाडीवर किंवा हॉटेलात फ्राइड राइससाठी भात सकाळीच शिजवतात, कारण ताजा भात चिकट होतो आणि कढईत सुटा राहत नाही. मग तो टोपलीत किंवा परातीत, वर ओलं कापड टाकून, रात्री अकरापर्यंत तसाच. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. ते उकळण्याने मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. हे विष मोठ्या आचेवर परतूनही टिकतं. कढईतून निघणारा जाळ बघून गिऱ्हाइकाला वाटतं सगळं जळून शुद्ध झालं. शिजवणाऱ्यालाही प्रामाणिकपणे तसंच वाटतं. 'परत गरम केलं की झालं' हा आपल्या घराघरांतला आणि हॉटेलांतला पक्का समज आहे आणि तो धोकादायक आहे.

बोटाला सुरी लागली की चिंधी गुंडाळून काम चालू ठेवण्याचंही तसंच. पिकलेल्या जखमेत आणि नाकात स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू असतो. तो बोटावरून पनीरात, क्रीममध्ये, सोललेल्या उकडलेल्या बटाट्यात उतरतो आणि त्याचंही विष उष्णतेला दाद देत नाही. खाणाऱ्याला एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. अन्नाला वास येत नाही, चव बिघडत नाही. नाकाजवळ नेऊन 'चांगलं आहे' म्हणणाऱ्या मुरलेल्या आचाऱ्याचाही इथे इलाज चालत नाही. काविळीच्या एका प्रकारात, हिपॅटायटिस ए मध्ये, तर माणूस डोळे पिवळे होण्याच्या आधीचे काही दिवस सगळ्यांत जास्त विषाणू बाहेर टाकत असतो. म्हणजे तो ठणठणीत दिसतो तेव्हाच धोका मोठा. आणि गरम ग्रेव्हीचं वीस लिटरचं पातेलं तसंच्या तसं फ्रीजमध्ये ढकललं की काम झालं, असं वाटणं ही तर रोजची गोष्ट. पाच ते साठ अंश सेल्सिअस हा जंतू वाढण्याचा पट्टा. त्या पातेल्याचा मधला भाग तासन् तास त्याच पट्ट्यात राहतो, शिवाय फ्रीजमधल्या बाकीच्या वस्तूही गरम होतात. पसरट ट्रेमध्ये दोन-तीन बोटं थराची ग्रेव्ही ओतली तर ती लवकर गार होते. हे एकदा हाताने करून दाखवलं की कामगार कधी विसरत नाही.

हे शिकवायला हवं, आणि ते शेगडीपाशी शिकवायला हवं. महाराष्ट्रातल्या हॉटेलांत आज काम करणारी मुलं नेपाळ, उत्तराखंड, ओडिशा, बंगाल, झारखंड, कर्नाटक अशा ठिकाणांहून आलेली असतात. त्यांच्यासमोर आपण इंग्रजी स्लाइड लावतो किंवा मराठी तक्ता चिकटवतो. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१७ पासून 'फॉसटॅक' प्रशिक्षण सुरू केलं आहे. दर पंचवीस कामगारांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक असावा, अशी त्यात अपेक्षा आहे. कल्पना चांगली आहे. पण हा पर्यवेक्षक बहुतेक वेळा गल्ल्यावर बसणारा मॅनेजर असतो आणि त्याचं प्रमाणपत्र देवाच्या फोटोशेजारी टांगलेलं असतं. प्रशिक्षण घ्यायला हवं ते वस्तादाने, म्हणजे मुख्य आचाऱ्याने. मुलं मॅनेजरचं ऐकल्यासारखं करतात, पण अनुकरण करतात ते वस्तादाचं. तो कच्च्या चिकननंतर हात धुतो असं त्यांनी रोज पाहिलं तर तीही धुतील.

हातमोज्यांबद्दल आपल्या मनात जो विश्वास आहे तोही तपासायला हवा. गिऱ्हाईक मोजे पाहून खूश होतं. पण त्याच मोज्याने हेल्पर नोटा घेतो, फ्रीजचं दार उघडतो, मोबाइल उचलतो आणि पाणीपुरीत हात घालतो. अमेरिकेतल्या त्याच पाहणीत मोजे घातलेले कामगार हात कमी वेळा धुताना आढळले होते. हाताला काही चिकटलं की उघड्या हाताला कळतं, मोज्याला कळत नाही. कामागणिक बदलता येणार नसतील तर मोजे नसलेलेच बरे.

दृष्टिकोनाचं म्हणाल तर मला एक वाक्य हमखास ऐकू येतं: "इतकी वर्षं झाली, आजवर कुणाला काही झालं नाही." मालकही म्हणतो, आचारीही म्हणतो, आणि दोघेही खोटं बोलत नसतात. त्यांच्यापर्यंत बातमी पोहोचतच नाही. आज जेवलेला माणूस उद्या-परवा आजारी पडतो, काविळीच्या बाबतीत तर दोन ते सात आठवड्यांनी. तो कुठल्या हॉटेलाला दोष देणार? पोट बिघडलं तर दोन दिवस दहीभात खातो आणि विसरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये केलेल्या अंदाजानुसार दूषित अन्नामुळे जगात दर वर्षी ६० कोटी लोक आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार दगावतात. त्यांपैकी १५ कोटी आजारी आणि पावणेदोन लाख मृत्यू आपल्या दक्षिण-पूर्व आशिया विभागातले. यातला एकही आकडा हॉटेलच्या गल्ल्यापर्यंत परत येत नाही. चुकीचा परिणाम ज्याला दिसत नाही, त्याचा दृष्टिकोन व्याख्यानाने कसा बदलणार?

इथे आपल्या समाजाचीही एक जुनी अडचण आहे. आपल्याकडे शुद्धतेच्या कल्पनांची कमतरता कधीच नव्हती. सोवळं-ओवळं, खरकटं, उष्टं, शिवाशिव यांचे बारीकसारीक नियम होते आणि ते कडक पाळले जात. पण त्या नियमांनी कोण शिवलं याकडे लक्ष दिलं. हात साबणाने धुतले का, याकडे नाही. मोरी, भांडी, संडास यांची कामं खालच्या मानलेल्या माणसाकडे ढकलली आणि ती करणाऱ्याला स्वयंपाकघरातल्या उतरंडीत सगळ्यांत शेवटी बसवलं. आजही हॉटेलात भांडीवाल्याचा पगार सगळ्यांत कमी असतो, त्याला प्रशिक्षणाला बोलावत नाहीत, त्याची जागा सगळ्यांत अंधारी आणि ओली असते. वास्तविक प्रत्येक गिऱ्हाइकाच्या ताटाला, वाटीला, पेल्याला हात लागतो तो त्याचा. स्वच्छतेचा विचार करायचा तर सुरुवात त्या माणसापासून, त्याला गरम पाणी मिळतं का इथपासून व्हायला हवी.

आता आजारपणाकडे येतो, कारण सगळ्या चर्चेची खरी गाठ इथे आहे. अन्न सुरक्षा कायदा २००६ चा, प्रत्यक्ष लागू झाला २०११ मध्ये. परवान्याच्या नियमांतली अनुसूची ४ चांगली सविस्तर आहे. अन्न हाताळणाऱ्याची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी, विषमज्वरासारख्या (टायफॉइड) आतड्याच्या रोगांविरुद्ध लस, जुलाब-उलट्या-ताप-कावीळ असणाऱ्याला कामावर न ठेवणं, हात धुण्याची आणि शौचालयाची पुरेशी सोय, हे सगळं तिथे लिहिलेलं आहे. मात्र आजारी माणसाने घरी राहावं म्हणताना त्या दिवसाचा पगार कोण देणार, यावर हा कायदा गप्प आहे.

कामगार कायद्यांत पाहिलं तर महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना अधिनियम दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणांसाठी केला गेला. त्यात वर्षाला आठ दिवसांची पगारी किरकोळ रजा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही दहाची मर्यादा वीसवर नेण्याचा आणि रोजच्या कामाचे तास नऊवरून दहा करण्याचा निर्णय घेतला. आपल्या आजूबाजूची खानावळ, वडापावचं दुकान, मिसळीचं हॉटेल यांत वीस माणसं कुठे असतात? ज्या स्वयंपाकघरांत बहुसंख्य मराठी माणूस बाहेरचं खातो, तिथल्या कामगाराला कायद्याने आजारपणाची एकही पगारी रजा मिळेनाशी होते. ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू असेल तिथे आजारपणात सत्तर टक्के वेतन मिळतं खरं, पण आजाराचे पहिले दोन दिवस त्यात साधारणपणे धरत नाहीत. जुलाब-उलट्यांचा जोर नेमका त्याच दोन दिवसांत असतो. अशा वेळी तो काय करणार? मेडिकलमधून गोळी घेतो, बेल्ट आवळतो आणि कणीक मळायला उभा राहतो. नाहीतर खाडा लागतो, आणि महिनाअखेरीस गावाला पाठवायचे पैसे कमी पडतात.

शंभर वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये मेरी मॅलन नावाची आयरिश स्वयंपाकीण होती. ती स्वतः कधी आजारी पडली नाही, पण तिच्या आतड्यात विषमज्वराचे जंतू मुक्काम करून होते आणि ती ज्या घरांत रांधायची तिथे तापाची साथ यायची. १९०७ मध्ये तिला पकडून एका बेटावर कोंडलं. १९१० मध्ये पुन्हा स्वयंपाक करणार नाही या अटीवर सोडलं. तिने कपडे धुण्याचं काम धरलं, पण त्यात पैसे फारच कमी मिळत. शेवटी नाव बदलून ती पुन्हा स्वयंपाकाला लागली, आणि १९१५ मध्ये एका प्रसूतिगृहात पंचवीस जणांना ताप आला, दोघं दगावली. त्यानंतर १९३८ मध्ये मरेपर्यंत ती त्या बेटावरच होती. इतिहासाने तिला हट्टी आणि दुष्ट ठरवलं. तिने धोका मानलाच नाही, हेही खरं. पण ज्या शहराने तिला येणारा एकमेव धंदा बंद केला, त्याने तेवढ्याच कमाईचं दुसरं काम तिला दिलं नाही. रांधू नकोस म्हणणं सोपं होतं, पोटाची सोय करणं राहून गेलं. आपण आज हॉटेल कामगाराला 'आजारी असताना येऊ नकोस' म्हणतो ते तसंच आहे.

मालकांची बाजू मला समजते. भाडं, गॅस सिलिंडर, डिलिव्हरी ॲपचं कमिशन यांत छोट्या हॉटेलवाल्याच्या हाती फार काही उरत नाही, आणि उद्या माणूस टिकेल याची खात्री नसते. पण हिशेब मांडून पाहू. दहा कामगार, सरासरी पगार महिना १५ हजार म्हणजे दिवसाला ५०० रुपये. प्रत्येकाला वर्षातून चार दिवस आजारपणाची पगारी रजा दिली तर खर्च २० हजार. असं हॉटेल दिवसाला ३०० ताटं विकत असेल तर वर्षाला एक लाखाहून जास्त ताटं होतात. ताटामागे खर्च वीस पैशांच्या आत. बदली माणूस आणावा लागला तर चाळीस पैसे धरा. दोनशे रुपयांच्या थाळीवर चाळीस पैसे गिऱ्हाइकाला जड नाहीत, आणि मालकालाही नाहीत. रजेचा गैरफायदा घेतील, असं म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे की एखाद्याने खोटं सांगून एक दिवस झोप काढली तरी चालेल. खरोखर जुलाब होणारा माणूस चटणी वाटायला बसू नये.

तपासणीची पद्धतही बदलायला हवी. सध्या अधिकारी येतात, परवाना भिंतीवर आहे का पाहतात, आरोग्य तपासणीचे कागद मागतात. त्यातले कित्येक कागद कामगाराला न तपासता शिक्का मारून आणलेले असतात, हे या धंद्यातलं उघड गुपित आहे. अस्वच्छ स्थितीत अन्न तयार केल्याबद्दल अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५६ खाली एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे, पण दंडाची वेळ येते तेव्हा लोक आधीच आजारी पडलेले असतात. मला वाटतं, परवाना देतानाच आणि नूतनीकरणाच्या वेळी कागदांच्या आधी दोन-तीन गोष्टी डोळ्यांनी पाहाव्यात: कणकेच्या कट्ट्यावरून हात धुण्याचं रिकामं बेसिन दिसतं का, तिथे साबण आहे का, कामगारांना संडास आहे का. नसेल तर परवाना नाही. आणि तपासणी दुपारी तीनला, हॉटेल सुस्त असताना न करता रविवारी रात्री नऊला करावी.

वेल्समध्ये २०१३ पासून प्रत्येक खाद्यगृहाला स्वच्छतेची शून्य ते पाच श्रेणी दारावर लावणं सक्तीचं आहे. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचीही स्वच्छता श्रेणीची योजना आहे, पण ती ऐच्छिक. ज्याला चांगली श्रेणी मिळणार तोच अर्ज करणार. श्रेणी सक्तीची करावी, आणि तिच्या गुणांत आजारपणाची रजा आणि कामाचे तास धरावेत. बारा तास उभा असलेला माणूस शेवटच्या तासाला हात धुवायचा कंटाळा करतो, हे कुणीही सांगेल.

आणि पाण्याचं काय? जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड, धायरी भागात गुइलेन बारे सिंड्रोम या हातपाय लुळे पाडणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले. संशयितांचा आकडा दोनशेच्या वर गेला. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला, काहींत नोरोव्हायरस. दोन्ही दूषित पाणी आणि अन्नातून येणारे. लोकांना पाणी उकळून प्या, बाहेरचं खाऊ नका असं सांगितलं गेलं. त्या भागातल्या हॉटेलांत तेव्हा काम करणाऱ्या मुलांचा विचार करा. ज्या विहिरीच्या, बोअरच्या, टँकरच्या पाण्यावर शंका होती त्याच पाण्याने ते हात धूत होते, कोथिंबीर धूत होते, बर्फ आणि ताक करत होते. त्यांनी नियमाप्रमाणे दर वेळी वीस सेकंद हात चोळले असते तरी काय झालं असतं? शहराच्या हद्दीत गावं घ्यायची, इमारतींना परवानगी द्यायची आणि शुद्ध पाण्याची नळयोजना मागाहून कधीतरी, असं चालत असेल तर तिथल्या प्रत्येक हॉटेलाची अस्वच्छता महापालिकेच्या खात्यावरही मांडली पाहिजे.

हातगाड्यांना हे दुप्पट लागू आहे. वडापाव, भेळ, अंडाभुर्जी, चायनीज विकणाऱ्या गाडीवर दिवसभरासाठी पाण्याचे दोन कॅन असतात. त्यात प्लेटा धुवायच्या, हात धुवायचे, गिऱ्हाइकाला प्यायला द्यायचं. बादलीतलं पाणी संध्याकाळपर्यंत सांबारासारखं दिसायला लागतं, आणि बदलायला जवळपास नळ नसतो. गाडी उचलून नेणारी गाडी मात्र नियमित येते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने महापालिकांना विक्री क्षेत्रं आखून द्यायला सांगितलं आहे. ती आखताना प्रत्येक आठ-दहा गाड्यांमागे पिण्याच्या पाण्याचा एक नळ, सांडपाण्याला एक गटारजोड आणि चालण्याच्या अंतरावर साबण असलेलं शौचालय द्यावं. त्याचं भाडं घ्यावं. विक्रेते ते देतील, कारण आज ते कॅनच्या पाण्याला पैसे मोजतातच. येत्या अंदाजपत्रकात आपल्या नगरसेवकाने आपल्या प्रभागासाठी अशा किती नळांची तरतूद मागितली, हे प्रत्येक खवय्याने त्याला जाऊन विचारावं.